धुऱ्यावरचं पाप

आमच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायची पद्धत आहे, आणि साक्षीच्या बाबतीत माझा हात धरणारा कुणी नव्हता. दारू सोडली, तंबाखूचा खर्रा सोडला, प्रभूने मला गाळातून वर काढलं, हे मी अशा दणदणीत आवाजात सांगायचो की मागच्या बाकावर डुलक्या घेणारेही जागे होत. धुऱ्याबद्दल मात्र मी कधी चकार शब्द काढला नाही.

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. अमडापूरकडे आमचं शेत आहे, त्याला लागून एका म्हाताऱ्या काकांचं. दर वर्षी नांगरताना मी धुरा माझ्या बाजूने एक तास कोरायचो आणि पलीकडून तेवढीच माती चढवायचो. तास म्हणजे नांगराची एक ओळ, कुणाच्या लक्षात येणार? सात वर्षांत धुरा चांगला दोन हात सरकला. प्रार्थनेत मी आपला "आमच्या पापांची क्षमा कर" असं घाऊक म्हणून मोकळा होत असे.

गेल्या उन्हाळ्यात प्रभुभोजनाआधी, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर घेण्याच्या महिन्याच्या विधीआधी, पाळकसाहेब नेहमीसारखे म्हणाले, एक मिनिट स्वतःला तपासा. मी डोळे मिटले, तर समोर धुरा. भाकरीचं ताट आलं तेव्हा मी हात मागे घेतला. पुढच्या महिन्यातही तेच. बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "तुम्ही भाकर काऊन नाही घेतली? पोट दुखून राह्यलं काय?"

मी हो म्हणालो. म्हणजे चोरीवर खोट्याची भर.

भाकरीवाचून मला चैन पडेना. मग ठरवलं, आधी धुरा गुपचूप मूळ जागी न्यायचा, स्वच्छ व्हायचं आणि मगच देवापुढे हात पसरायचा. पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, कुदळ-फावडं घेऊन शेतात गेलो. उन्हात दुपारपर्यंत खपलो तरी पाव धुरासुद्धा हलला नाही. तेवढ्यात काका आले. आमच्याकडे धुऱ्यावरून डोकी फुटतात, आणि त्यांच्या हातात काठी होती.

"काऊन बे, धुरा काऊन फोडून राह्यला?"

साक्षीचा तो दणदणीत आवाज कुठे पळाला कोण जाणे. "काका, तुमची जमीन चोरली म्या. सात वर्षं. वापस करून राह्यलो."

काका खाली बसले. "मले मालूम हाय. दुसऱ्याच वर्षी ध्यानात आलं होतं माह्या."

"मंग बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो तं तू लाजला असता, अन् माह्याकडं येणं सोडलं असतं. मले तू पाह्यजे होता बे. दोन हात माती घेऊन काय करू?"

मी रडलो, अगदी हुंदके देऊन. याच माणसाने दर हिवाळ्यात आपल्या विहिरीचं पाणी माझ्या गव्हाला दिलं होतं, आणि मी त्याला भोळा समजत होतो. त्याला सगळं माहीत होतं आणि तरी तो पाणी सोडत होता. माझी चोरी चालू असतानाच मला क्षमा झाली होती. काका काही चर्चचे नव्हेत, पण जन्मभर ऐकलेली ख्रिस्ताची कृपा मला त्या उन्हात पहिल्यांदा समजली. मी स्वच्छ होऊन प्रभूकडे जायला निघालो होतो, आणि तो माझ्यासाठी कधीचा येऊन थांबला होता.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर धुऱ्याचं सांगितलं. आवाज कापत होता. कुणी डुलक्या घेत होतं का ते पाहिलं नाही. मग ताट पुढे आलं. धुरा अजून पाऊणाहून जास्त चोरीच्याच जागेवर होता, तो सरळ करायला पुढे पंधरा दिवस लागले. तरी मी हात पुढे केला, भाकर घेतली आणि खाल्ली.