कुणास ठाऊक

फिलाग्रोस वहाणा शिवायचा, आणि हात चालू असला की तोंडही चालू. अथेन्सच्या चौकातले वाद ऐकून ऐकून त्याने एक गोष्ट पक्की उचलली होती: आपल्याला काही कळत नाही हे ज्याला कळलं, तो शहाणा. त्यातली नम्रता चौकातच राहिली, हा नुसतं हत्यार घेऊन घरी आला. गिऱ्हाईक म्हणालं, "आज पाऊस येणार," की हा लगेच, "ठाऊक म्हणजे नक्की काय रे?" समोरचा अडखळला की गालातल्या गालात हसायचा, "मला तरी कुठे काय कळतं!" असल्या नम्रतेचा माज भारी वाईट.

सासऱ्यालाही त्याने सोडलं नव्हतं. क्तेसोन म्हणजे तेल गाळणारा साधा म्हातारा. न्हाव्याच्या दुकानात जावयाने त्याला धरलं, "मामा, रोज देवाला तेल वाहता, पण भक्ती म्हणजे काय ते सांगा बरं." म्हातारा जे सांगेल ते जावई उलटं पाडत गेला. दुकान हसलं. क्तेसोनही कसनुसा हसला आणि दाढी अर्धी टाकून उठला.

मग कुळाचा सण आला. त्या दिवशी नवी मुलं कुळात घेतात. बापाने वेदीवर हात ठेवून शपथ घ्यायची, मग बाकीच्यांनी मतं द्यायची. कुणी हरकत घेऊन बळीचा बकरा वेदीवरून ओढून नेला, तर ते पोर ना कुळाचं राहतं, ना घराच्या वारशाचं. फिलाग्रोस आपलं तान्हं पोर घेऊन उभा राहिला.

"बोल," प्रमुख म्हणाला, "हा मुलगा लग्नाच्या बायकोपासून तुलाच झालेला आहे, हे तुला ठाऊक आहे?"

मागून न्हावी ओरडला, "अहो, ठाऊक म्हणजे नक्की काय, ते आधी विचारा त्याला!"

हशा पिकला. सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर फिलाग्रोसला राहवेना.

"कुणास ठाऊक!" तो म्हणाला. "माणसाला कुठे काय ठाऊक असतं?"

या वेळी कुणीच हसलं नाही. तेव्हा कुठे आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आलं. आपल्याच बायकोच्या, मिरिनीच्या अब्रूवर त्याने चारचौघांत चिखल उडवला होता. त्याचे कान तापले. "नाही, म्हणजे, मला म्हणायचं होतं..." एकाने बकऱ्याची दोरी धरलीसुद्धा.

गर्दीतून क्तेसोन पुढे आला.

"मी अडाणी माणूस. याने विचारलेलं मला तेव्हा सांगता आलं नाही, आजही येत नाही. पण माझ्या पोरीला मी ओळखतो. तिच्यासाठी शपथ मी घेतो."

त्याने हात वेदीवर ठेवला. जावयाकडे बघितलंही नाही. त्याच्या पाठोपाठ फिलाग्रोसने खाली मान घालून शपथ घेतली, मतं पडली, पोर कुळात आलं.

मांसाचा वाटा घेऊन तो घरी गेला, तोवर बातमी पोचली होती. मिरिनीने मांसाला हात लावला नाही. आधी पोर घेतलं.

"तुम्हाला खरंच शंका होती?"

"छे गं! कधीच नाही."

"म्हणजे ठाऊक होतं."

"होतं."

"मग म्हणाला का नाहीत?"

फिलाग्रोस दारातच उभा राहिला. याचं उत्तर त्याला पक्कं ठाऊक होतं: लोकांना हसवायचं होतं म्हणून. बायकोच्या तोंडावर ते सांगायची मात्र त्याला लाज वाटली.