हसण्याची हजेरी

आधीच सांगून टाकते, मी अशा गोष्टी मानणारी बाई नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात जन्मले, तशाच घरात नांदले. आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या अंगात आलं की लोक मलाच हाक मारतात. मी जाते, तांब्याभर गार पाणी तोंडावर मारते आणि विचारते, "कोन आहेस तू? आधार कार्ड आन तुझं!" आजपर्यंत एकाही देवीनं, एकाही भुतानं आधार कार्ड आणलेलं नाही. तशीच पळाली सगळी.

तर अशा बाईनं हे लिहावं, याची मलाच लाज वाटते. पण एक वर्ष झालं, पोटात ठेवून बसले. आता नाही राहवत.

मी बालाघाटची. बस स्टँडच्या मागच्या वस्तीत राहते, चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. सगळे टेलरबाईच म्हणतात. शाळा पाचवीपर्यंत, तीही हिंदीतली, मराठी नंतर वाचून वाचून शिकले… चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही तिघी मैत्रिणी. एक मी. दुसरी विमल, माझ्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. तिसरी गिरजा. गिरजा आणि मी पोरी असताना एकाच बाईकडे सिलाई शिकलो. ती काज-बटन करायची, मी कटिंग. पुढं तिला परसवाड्याला दिली. बसनं दोन तास लागतात, रस्ता बरा असला तर. नवरा गेल्यावर ती तिथं एकटीच राहायची. एक मुलगी, सुनीता, गोंदियाला दिलेली. सुनीता म्हणे, "आई, चाल माझ्याकडे." गिरजा म्हणे, "जावयाच्या घरी मी काय पाहुणी म्हणून मरू?"

तिचा नवरा गेला त्या वर्षी मी गिरजाला रोज सकाळी फोन करायची. पण खरं सांगू का… तिचं बोलणं संपायचंच नाही. गुडघे, पेन्शन, शेजारणीची कोंबडी, नवऱ्याची आठवण, परत गुडघे. इकडे माझी दाळ करपायची. मग माझ्या सुनेनं तिघींचा व्हॉट्सॲपवर ग्रुप करून दिला आणि नाव ठेवलं "टाइमपास मंडळ". त्याच्यात सुरू झाले व्हिडिओ. माकड चष्मा पळवतं, नवरदेव घोड्यावरून उतरताना पाय अडकून पडतो, म्हैस दुकानात शिरते, एक जाडा माणूस खुर्चीवर बसतो आणि खुर्चीच बसते. काही अर्थ नाही, काही बोध नाही. पण हसून हसून पोट दुखायचं.

गिरजाला टाइप करता येत नव्हतं. दुसरीतच शाळा सुटलेली. मग आम्ही एक कायदा केला… व्हिडिओ पाहिला की लिहायचं नाही, हसून दाखवायचं. माइकचं बटन दाबायचं, हसायचं, पाठवून द्यायचं. गिरजाचं हसणं हजारात ओळखू यावं असं. आधी "हीऽऽ" करून श्वास आत ओढायची, मग मध्येच एकदम बंद, कुकरची शिट्टी अडकावी तसं… आणि मग धबधब्यासारखं. आम्ही व्हिडिओला कमी आणि तिच्या हसण्यालाच जास्त हसायचो.

हळूहळू तीच तिची हजेरी झाली. सकाळी व्हिडिओ टाकला, गिरजाचं हसू आलं, म्हणजे बाई उठली, चहा प्याली, बरी आहे. फोन करायचं काम उरलं नाही. विमल म्हणायची, "हे बरं झालं वं टेलरबाई, अर्धा घंटा वाचते." आणि मी हौ म्हणायची. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हा मलाही बरंच वाटत होतं. तिचं रडणं ऐकण्यापेक्षा हसणं ऐकणं सोपं होतं.

मागच्या वर्षीची गोष्ट. धानकापणीचे दिवस. सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. दोन मिनिटांत गिरजाचं हसू आलं. तेच, "हीऽऽ", मग अडकलेलं, मग धबधबा. मागं कुठंतरी पाणी टपकत होतं. टप… टप… तिच्या न्हाणीत नवीन नळ आलेला मला माहीत होता. मी पण आवाज पाठवला, "नळ बंद कर ना गिरजे, पानी वाया जाऊन राह्यलं."

दुपारी तिच्या ब्लाउजचं माप विचारायला फोन लावला, तर फोन बंद. संध्याकाळी लावला, तरी बंद. मी विमलला म्हटलं, "गिरजाचा फोन काहून बंद येऊन राह्यला वं?"

विमल म्हणाली, "टावर गेला असन. मंगाशी तर हासली ना ते."

"हासली तर हासली, पण फोन काहून लागत नाही?"

"मंग जा पाहून ये. उद्या आमचे जावई जीप घेऊन परसवाड्याले जाऊन राह्यले. बस त्याच्यात. फुकटात फिरनं होते."

मी म्हटलं, हौ. पिशवी भरून ठेवली. तिचा शिवलेला ब्लाउज, चिवडा, आणि गुडघ्याला लावायचं तेल. दिवसभरात अजून दोन व्हिडिओ झाले. दोन्हींना तिचं हसू आलं. पण फोन बंद.

मंगळवारी सकाळी जीप दारात उभी. जावई हॉर्न वाजवत होते. मी चप्पल पायात घालता घालता विमलनं टाकलेला व्हिडिओ पाहत होते, तेवढ्यात खाली गिरजाचं हसू आलं. मी ते ऐकलं. दारात उभी राहून, पूर्ण ऐकलं. आणि मनात म्हटलं, बाई तर मजेत आहे. दोन तास जा, दोन तास या, कमरेचा भुगा. मी जावयांना म्हटलं, "राहू द्या, मी पुढच्या हप्त्यात जाईन." पिशवी खुंटीला अडकवली.

जीप गेली.

मंगळवारी दिवसभरात अजून दोनदा तिचं हसू आलं, बुधवारी सकाळी अजून एकदा. सोमवारपासून मोजून सातवं. हे जरा बारीक होतं, खोल हौदातून आल्यासारखं. मी म्हटलं, सर्दी झाली असेल.

बुधवारी दुपारी सुनीताचा फोन आला. तिच्या आईला गोंदियाच्या दवाखान्यात नेत होते. गिरजा सोमवारी सकाळी न्हाणीत पडली होती. लकव्याचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मोहल्ला सगळा कापणीला शेतावर, सकाळी जाणार आणि अंधार पडल्यावर येणार, तर कोण पाहतं? बुधवारी शेजारीण धान पाखडायचं सूप मागायला आली आणि मागच्या दारातून आत गेली, म्हणून सापडली. सोमवार सकाळ ते बुधवार दुपार ती ओल्या फरशीवर, नळाच्या बाजूला पडून होती.

आणि मी तिला नळ बंद कर म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि विमल गोंदियाला गेलो. सुनीता वऱ्हांड्यात बसलेली. मला पाहून उठली पण नाही. म्हणाली, "मावशी, तुम्ही तं रोज बोलत होत्या ना आईसंग? डाक्टर म्हनते, एक दिवस आधी आनलं असतं तं वाचा तरी वाचली असती."

मी म्हटलं, "सुनीता, तुझी आई रोज हासत होती वं. बुधवारपर्यंत. हे पाह्य, ऐक…" आणि मी फोन काढून तिला ऐकवलं.

तिनं एक ऐकलं, दुसरं ऐकलं. तिचा चेहरा लाल झाला. "आईचा मोबाइल रविवारीच फुटला. दुकानात टाकला होता दुरुस्तीले. शेजारच्या काकीच्या फोनवरून मले सांगतलं होतं तिनं. जुने आवाज दाखवून तुम्ही सोताले वाचवून राह्यल्या काय, मावशी?"

विमल मध्ये पडली, "नाही वं बेटा, म्या बी ऐकलं—"

"तुम्ही तं चूपच राहा," सुनीता म्हणाली. "दोघीजनी मिळून टाइमपास करा तुमचा."

असं कुणी मला आयुष्यात बोललं नव्हतं. गिऱ्हाइकाचा कपडा कधी चोरला नाही मी, आणि ही पोर मला खोटारडी म्हणत होती. मला वाटलं, मी खोटी नाही एवढं तरी हिला दाखवीन. शनिवारी मी एकटी परसवाड्याला गेले. हो, तेव्हा गेले. तेव्हा दोन तास जास्त नाही वाटले.

मोबाइलचं दुकान बाजारात. दुकानदारानं ड्रॉवरमधून प्लास्टिकची थैली काढली. फोन उघडलेला, स्क्रीन वेगळी, बॅटरी वेगळी, वर गिरजाच्या नावाची चिठ्ठी. म्हणाला, "आंटी, ये तो संडे से ऐसे ही खुला पड़ा है. स्क्रीन बालाघाट से आनी थी, अब तक आई नहीं. सिम तो वो खुद निकलवा के ले गई थीं, पल्लू में बाँध के."

पल्लूचं खरंच होतं. दवाखान्यात नर्सनं गाठ सोडली तेव्हा सिम निघालं होतं, सुनीतानंच पाहिलं होतं.

मी त्याला आवाज ऐकवले. तारीख दाखवली, वेळ दाखवली, नंबर दाखवला. तो सगळं उलटंपालटं करून पाहत राहिला. म्हणाला, नंबर तोच आहे. म्हणाला, दुसऱ्या कुठल्या फोनवर चालू असेल… पण बिचारीकडे दुसरा फोन होता कुठं? मग चौथ्या आवाजात ते टप… टप… आलं आणि त्यानं माझा फोन काउंटरवर पालथा ठेवून दिला. "बस आंटी. दुकान में मत सुनाओ ये."

सुनीताच्या नवऱ्याचं म्हणणं, हे नेटवर्कचं चक्कर आहे, जुने आवाज अडकून उशिरा आले असतील. असतील बापा. पण सात व्हिडिओ नवे, प्रत्येक व्हिडिओनंतर दोन-तीन मिनिटांत एक हसू. न पाहिलेल्या व्हिडिओंवर आधीच हसून ठेवलं होतं का तिनं? माझ्या सुनेनं गिरजाचे जुने सगळे आवाज काढून एक एक ऐकले. हे सात त्यांत नाहीत.

सोमवारी सकाळी मी जो व्हिडिओ टाकला होता, तो माणसं घसरून पडण्याचा होता. हे मी सुनीताला सांगितलेलं नाही. इथंच पहिल्यांदा सांगते आहे.

दोन महिन्यांनी गिरजाला दवाखान्यातून सुनीताच्या घरी आणलं. जिथं जायचं नव्हतं तिथंच. मी भेटायला गेले. सुनीतानं पाणी दिलं, चहा दिला, बोलली नाही. गिरजा खाटेवर, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे तेच. सगळं समजत होतं तिला. मी तिचा डावा हात धरला. मला एकच गोष्ट पाहिजे होती. तिनं मान हलवून म्हणावं, हौ, मीच हसले होते. कसं ते मला नको होतं. तिनं म्हटलं असतं तर सुनीता काय, जग मला काही म्हणो.

मी विचारलं, "गिरजे, हे तूच का वं?" आणि आवाज लावला.

पहिलं हसू वाजलं. ती ऐकत राहिली. दुसरं वाजलं. तिची भुवई आखडली. तिसऱ्याला तिनं डाव्या हातानं माझं मनगट पकडलं, एवढं जोरात की बांगडी रुतली. मान हलवली. नाही. परत हलवली. नाही.

मग तिनं मला दाखवलं. मान थोडी उचलली, डोळे दाराकडे लावले आणि तोंड उघडलं. आवाज नव्हता. श्वास आत ओढला, मध्येच अडकला, मग छाती हलायला लागली, धापा टाकल्यासारखी. डावा हात वर करून बोटांनी बोलवत होती. ये. ये. ये. तीन वेळा केलं तिनं तसं. फोनमध्ये हसू वाजतच होतं, आणि तिची छाती त्याच्याच ठेक्यावर वरखाली होत होती.

सुनीता दारात उभी होती. तिनंही पाहिलं. तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

गिरजानं माझं मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी परत वळली नाही.

मी पुष्कळ विचार केला. तिची हाक जर बिनफोनची, बिनसिमची माझ्यापर्यंत पोचत होती, तर हाक म्हणूनच का नाही पोचली? एवढं ज्यानं कुणी केलं, त्याला तेवढंच जमलं नाही? मला मंगळवारी दारात रडणं ऐकू आलं असतं तर मी जीपमध्ये बसले असते. आणि काहीच आलं नसतं तरी बसले असते. ते हसू आलं म्हणून मी राहिले. असलं कसलं हे… काय म्हणू याला? विहारात मी कुणाला विचारू शकत नाही. नागपूरच्या एका शिकलेल्या नातलगाला विचारलं तर तो म्हणाला, मावशी, मनाचे खेळ असतात. मग विमलच्या मनाचे पण तेच खेळ कसे? आणि सुनेच्या फोनवर वाजवलं तरी तेच हसू कसं वाजतं?

विमल अजून व्हिडिओ टाकते. मी तिला म्हटलं, पुरे कर आता. ती म्हणते, "मंग दिवसभर करू काय वं?" तिच्याशी भांडायलाही जीव राहिला नाही माझ्यात.

मी आता दर रविवारी सकाळच्या गाडीनं गोंदियाला जाते. गिरजाच्या खाटेजवळ स्टुलावर बसते आणि मीच बोलते. माझी दाळ, माझे गुडघे, शेजाऱ्यांच्या भानगडी. ती भिंतीकडे पाहत असते. कधी ऐकते, कधी झोपते. परतीच्या गाडीची वेळ झाली की मी तिच्या केसांवरून हात फिरवते आणि उठते. एक वर्ष झालं. तिनं अजून माझ्याकडे तोंड केलेलं नाही.