थर्माकोलचा म्हसोबा

मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरावर मी टीव्हीसाठी साहसमालिका लिहिली. मेढा गावाजवळच्या माळावर शूटिंगला थर्माकोलचा म्हसोबा मांडला आणि हौसेनं खरा शेंदूर फासला. एक म्हातारा मेंढपाळ रोज त्याच्यापुढं भाकरी ठेवायचा.

"आवं बाबा, खोटा हाय त्यो," मी शहाणपणा केला.

"ठावं हाय. पर शेंदूर लावून बोलावलंय तुमी. तुमी गेल्यावर उपाशी देव माझ्या मेंढरांवर उठंल."

मी हसलो. शेवटच्या दिवशी मात्र, काखेत मारून आणलेला तो देव मला दोन्ही हातांनी हलेना.

म्हाताऱ्यानं हात जोडले. "चला देवा, आमच्या तळावर."

मी पुन्हा हात घातला, तर थर्माकोल पिसासारखा उचलला गेला. म्हातारा शेजारची अर्धी पायवाट मोकळी सोडून उतरू लागला. मेंढरंही तिथं पाऊल टाकत नव्हती.