काचेवरची अनोळखी बाई

चांदूर रेल्वेच्या बाहेर, रुळांच्या पलीकडे, शकुन आणि गोवर्धन यांचा फुलांचा मळा आहे. निशिगंध, शेवंती आणि बांधाच्या कडेने झेंडू. धुकं पडलं की सकाळी मळा दिसतच नाही, नुसता वास येतो. शकुन अशा धुक्यातही फुलं तोडायची, बोटांनी चाचपून, जवळजवळ न बघता. त्याच बोटांना एका सकाळी लुगड्याचा पदर सारखा करताना डाव्या छातीत गाठ लागली. निशिगंधाच्या लहानशा कंदाएवढी. दुखत नव्हती, म्हणून तिने ती तोड पुरी केली आणि मग गोवर्धनला सांगितलं.

गोवर्धन तिला अकोल्याला घेऊन गेला. तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि मग सलाइनमधून औषध सुरू झालं. केस गेले. जिभेची चव गेली. दिवस एकमेकांत मिसळून गेले. पडल्या पडल्या छताकडे बघताना तिला वाटायचं, आपण विहिरीच्या तळाशी आहोत आणि घरातली माणसं वर काठावर बोलून राहिली आहेत.

तशात गोवर्धनची मोठी बहीण पार्बताबाई भेटायला आली. उशाशी बसून तिने शकुनचा हात कुरवाळला आणि म्हणाली, "तुले तर्रीबिगर घास उतरत नव्हता, शकुन. ते तेलच आंगात साचलं पाय. त्याचीच गाठ झाली."

पार्बताबाईच्या मनात वाईट काही नव्हतं. पण गोवर्धनने ते मनावर घेतलं. तेलाचा डबा त्याने माळ्यावर टाकला आणि उकडलेलं शिजवायला लागला, दोघांसाठी सारखंच. दोडका उकडलेला, दुधी उकडलेला. शकुनला गिळवत नसे, तरी ती तेच खायची. कारण तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आयुष्यभर तळलेलं सगळं तिला आठवायचं. आखाडीच्या कापण्या, लेकीच्या लग्नातल्या पुऱ्या. डोळा लागला की दिसायचं, विहिरीच्या पाण्यावर तेल पसरून राहिलं आहे, सोनेरी, सावकाश, आणि ते पाटाने वाहत शेवंतीच्या मुळांशी चाललं आहे. ती अडवायला जायची तर हातात माती यायची नाही.

पुढच्या खेपेला अकोल्याच्या दवाखान्यात एक मुलगी त्यांच्या बाकाशेजारी येऊन बसली. तिचं नाव रागिणी. अमरावतीला संशोधन करत होती.

"काकू, ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा इथे मेणात ठेवलेला असतो," ती म्हणाली. "त्यातला थोडा मला अभ्यासाला पाहिजे. तुमची हरकत नसेल तरच. याने तुमच्या उपचारात काही बदल होणार नाही, हे आधीच सांगते."

"काय पाहतं त्याच्यात?" शकुनने विचारलं.

रागिणीने थोडा विचार केला. "आपल्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात. कोणतं काम कसं करायचं, ते त्यांच्यात लिहिलेलं असतं. त्यातलं एक आहे, एफएएसएन. पेशीने चरबी कशी बनवायची, ते त्याच्यात असतं. बऱ्याच गाठींमध्ये ते फार जोरात चालतं. गाठीला वाढायला चरबी लागते, आणि ती गाठ स्वतःच बनवते."

"कशाची बनोते?"

"मुख्यतः साखरेची. रक्तातून जी सगळ्या अंगाला मिळते, तिचीच. ज्या गाठीत हे जनुक जास्त चालतं, ती पुढे जास्त त्रास देते का, हे आम्ही बघतो. तसं दिसलं तर ती एक खूण होईल. डॉक्टरांना आधीच अंदाज येईल."

शकुन हळूच म्हणाली, "म्हंजे मी तेल खाल्लं म्हनून नाई झालं हे?"

"तुम्हाला हे कशाने झालं, ते कोणीच नक्की सांगू शकत नाही, काकू. पण तर्रीचं तेल जाऊन तिथे साचलं, असं नसतं. गाठ तिची चरबी आपली आपण बनवते."

शकुनने रागिणीच्या संमतीच्या कागदावर सही केली. शेजारी गोवर्धन खाली मान घालून ऐकत होता. डॉक्टरांनीही त्या दिवशी त्याला सुनावलं, वजन उतरून राहिलंय, यांना नीट जेवू द्या. घरी आल्यावर त्याने माळ्यावरचा डबा उतरवला आणि गोळाभात केला. भातावर बेसनाचे गोळे, त्यावर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. चर्र आवाज झाला आणि घरभर वास सुटला. शकुनने पहिला घास घेतला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"तिखट झालं काय?" गोवर्धनने विचारलं.

"नाई. चव लागून राहिली."

उपचार संपले. डोक्यावर मऊ, करडे केस आले. दसऱ्याच्या आधी दोघं झेंडू घेऊन अमरावतीच्या बाजारात गेली, माल विकला, आणि शकुन म्हणाली, "त्या पोरीकडे जाऊ. मले माही गाठ पाहाची हाय."

रागिणीने त्यांना प्रयोगशाळेत बसवलं, पाणी दिलं. मग जरा अवघडून म्हणाली, "काकू, तुमची कोणती ते मलाच माहीत नाही. आमच्याकडे तुकडे येतात ते नाव काढून. पण त्यातला एक दाखवू शकते."

तिने पातळ तुकडा लावलेली एक काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. शकुनने डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग हळूहळू निळसर ठिपके, असंख्य, आणि त्यांच्याभोवती तपकिरी रंग, कुठे फिका, कुठे ओल्या मातीसारखा गडद. जिथे ते जनुक जास्त चालतं तिथे हा रंग गडद येतो, रागिणीने सांगितलं. शकुनला वाटलं, आपण फार उंचावरून एखादा मुलूख पाहतो आहोत, आणि तिथे संध्याकाळ होते आहे. सुंदर होतं ते. सुंदर वाटलं याचं तिला भय वाटलं नाही.

"हे कोन बाई असन?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"जिती हाय काय आता?"

शकुनने काचेकडे पुन्हा पाहिलं आणि पुष्कळ वेळ पाहत राहिली. गोवर्धनने खांद्याला हात लावला तेव्हा ती उठली.

त्यानंतर ती बाई तिच्या स्वप्नांत यायला लागली. चेहरा नसे. नुसती मळ्यात उभी असायची, धुक्यात, आणि दोघी फुलं तोडायच्या. बोलणं काही नाही. तेलाचं स्वप्न मात्र पुन्हा पडलं नाही.

पुढच्या वर्षी रागिणीचा फोन आला. ज्या बायांच्या गाठीत रंग गडद होता, त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं. "पण आमच्या बाया थोड्या आहेत," ती म्हणाली. "अजून कितीतरी जणींमध्ये तपासावं लागेल. तोवर यावरून कोणाचं काही ठरवता येत नाही."

"माहा कसा होता, ते नकोच सांगू," शकुन म्हणाली.

"मला माहीतच नाही, काकू."

"बरं हाय." थोडं थांबून तिने विचारलं, "पुढच्या बायायले कामी पडन ना पन?"

"पडावं म्हणूनच करते."

परवा शकुन तपासणीला अकोल्याला जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, आता सहा महिन्यांनी या. परतीच्या गाडीत ती गोवर्धनच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि तिला हलवायला नको म्हणून बसल्या बसल्या त्याचाही डोळा लागला. जाग आली तेव्हा चांदूर मागे गेलं होतं आणि गाडी धामणगावला उभी होती. दोघं घाईने उतरली. फलाटावर ऊन कलतं होतं. परतीच्या गाडीला वेळ होता.

"तुमी कावून नाई उठोलं?" शकुनने विचारलं.

"तू छान झोपली होती," तो म्हणाला आणि चहा आणायला गेला.