तपासणी माझी, उत्तरं सासूबाईंची

उपकेंद्रातल्या तपासणीत काय काय होतं, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आधी वजनकाट्यावर उभं राहायचं. मग दंडाला पट्टा बांधून बीपी, बोट टोचून रक्त, डबीत लघवी. मग खाटेवर आडवं व्हायचं. नर्सबाई पोट चाचपून बाळाचं डोकं कुठे आहे ते बघतात, ठोके ऐकतात. निघताना लोहाच्या गोळ्या, आणि त्या चहासोबत घेऊ नका म्हणून दम. यात अवघड काहीच नाही. अवघड असतात ते मधले प्रश्न, कारण ते विचारतात एकीला आणि उत्तरं देते दुसरीच.

पहिलं बाळंतपण माझं माहेरी झालं. तिथेही आई मधेमधे बोलायची, पण निदान माझ्याकडे बघून बोलायची. दुसऱ्या वेळी मी सासरी होते, कामरगावजवळच्या एका लहान गावात, नवरा कामासाठी बाहेरगावी, आणि तपासणीला सोबत सासूबाई. आमच्याकडे पोटुशी बाई एकटी जात नाही. आणि वडीलधारं माणूस सोबत असलं की पोटुशीनं तोंड उघडायचं नाही, हीही रीतच.

"मळमळते का?" नर्सबाई मला विचारायच्या.

"पयले होत होतं बाई, आता नाई," सासूबाई म्हणायच्या.

"लेकरू फिरते का पोटात?"

"फिरते ना! रातभर लाता मारते."

रातभर! पोट माझं, लाथा मला, आणि ही बाई तर रात्रभर माझ्या शेजारी घोरत असते. एकदा मी मधेच बोलायला गेले, तर त्यांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की पुढचं वाक्य गिळलं. बाकड्यावरच्या बाकीच्या सुनाही अशाच बसलेल्या. जिला तिला आपापली सासू, नाहीतर मोठी जाऊ. नर्सबाईंनाही त्याची सवय झालेली. एवढ्या बायका, दोन गावं आणि सोबतीला लसीकरण. समोरून उत्तर आलं की त्या पुढचा प्रश्न टाकायच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे बुक्क्या आतून बसायच्या.

आठवा संपता संपता माझी जोडवी बोटात रुतायला लागली. पाय सुजले होते. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, नर्सबाईले दाखवू." त्यांनी खोबरेल तेल लावून जोडवी ओढून काढली, बोटांना काळा दोरा बांधला, कारण तिथली बोटं मोकळी ठेवायची नसतात, आणि बाजाराच्या दिवशी सोनाराकडून जोडवी मोठी करून आणली.

"घे, आता होईन बराबर," त्या म्हणाल्या, आणि अगदी मायेनं माझ्या बोटांत घातली.

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. पाय सुजला म्हणून पायाला औषध नाही, दागिन्याला माप! आठ दिवसांत तीही रुतली. डोकं ठणकायला लागलं. चुलीपुढे बसले की डोळ्यांपुढे ठिणग्या उडाल्यासारखं व्हायचं, आणि ठिणग्या चुलीत नव्हत्या. मी सगळं सासूबाईंना सांगत गेले. त्या "हं" म्हणायच्या, कपाळाला सुंठ उगाळून लावायच्या आणि दुसऱ्या कामाला लागायच्या. मला भीती वाटायला लागली होती. पहिल्या वेळी असं काहीच झालं नव्हतं, आणि पोटातलं बाळही आधीपेक्षा कमी हलत होतं.

पुढची तपासणी आली तेव्हा मी मनात ठरवून गेले होते, की आज सांगायचंच. तर तिथे वेगळीच अडचण. बीपीच्या मशीनचे सेल उतरत आलेले, आणि नवे अजून यायचे होते. नर्सबाई म्हणाल्या, "ज्यायले तरास हाये त्यायचंच बीपी घेतो आज. डोकं दुखते का? पायावर सूज? डोयापुढं अंधारी?"

"काई नाई बाई," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी मस्त हाये."

नर्सबाईंनी मान हलवली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

आजही ते आठवलं की माझा जीव जळतो. हातच्या कंकणाला आरसा कशाला म्हणतात; माझ्या पायातली जोडवी मात्र साडीच्या काठाखाली झाकलेली होती, आणि तो काठ उचलायची कुणाला गरज वाटत नव्हती. काय झालं मला ठाऊक नाही. मी चप्पल काढली, साडी घोट्याच्या वर ओढली आणि पाय उचलून नर्सबाईंच्या टेबलावर ठेवला. गोळ्यांच्या पाकिटांच्या शेजारी. सासूसमोर, चार बायांसमोर.

"अवो बाई, लाज हाये का नाई!" सासूबाई ओरडल्या.

नर्सबाईंनी घोट्यावर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला. मशीनवरचा आकडा बघून त्यांनी पुन्हा एकदा बीपी घेतलं, आणि मग थेट गाडीसाठी फोन लावला.

तालुक्याला, कारंज्याला जाणाऱ्या रस्त्यावर गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळत होती आणि माझं डोकं फुटायला आलं होतं. दवाखान्यात पोचले तेव्हा मला समोरचं माणूस धड दिसत नव्हतं. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, केव्हापासून दुखतंय, डोळ्यांचं काय, बाळ हलतंय का. माझी जीभ जड झाली होती. उत्तर सासूबाईंनी दिलं.

"पंधरा दिस झाले डोकं दुखून राह्यलं. इकडं, कपायाच्या डाव्या बाजूले. उलीसं वाकली का ठिणग्या दिसते म्हणते. सूज त्याच्याबी आंधीपासून. अन् परवापासून लेकरू कमी फिरते, तिनं मले सकायी सांगतलं होतं."

एकही गोष्ट चुकली नाही. मी आडवी पडून ऐकत होते. इतके दिवस मला वाटत होतं की ही बाई माझं ऐकतच नाही. हिनं तर सगळं ऐकलं होतं, नीट लावून ठेवलं होतं. त्या क्षणी मला डोक्याच्या ठणक्याहून तिचा संताप जास्त झाला.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली, वजनानं कमी, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. जोडवी तिथल्या आयांनी पक्कडीनं तोडली. सासूबाईंनी तुकडे पदराला बांधले. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं हेच विचारलं.

"तुमाले सारं मालूम होतं. मंग नर्सबाईले नाई काहून म्हटलं?"

त्या पदराची गाठ चाचपत राहिल्या. "हो म्हटलं असतं त तिनं कारंज्याले धाडलं असतं. कारंज्याले गेलं का शिझर. पोट फाडलेली बाई मंग वावरात वाकते का? जलमभर 'माह्यी कंबर, माह्यी कंबर' करते." मग हळूच म्हणाल्या, "मले वाटलं, घरीच निभून जाईन."

मी तोंड भिंतीकडे केलं. मला त्यांची भीती कळली, आणि राग तसाच राहिला. दोन्ही आजही आहेत.

घरी आल्यावर नर्सबाई बघायला आल्या. पोरगी आता अंगावर पीत होती. मी बाजेवर, सासूबाई उंबऱ्यात लसूण सोलत बसलेल्या. नर्सबाईंनी विचारलं, "टाके दुखते का?"

सासूबाईंनी सवयीनं मान वर केली. "नाई बा—"

"दुखते," मी म्हटलं. "लय दुखते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या.