समायोजन

शाळेच्या पालक समितीची अध्यक्ष होणं म्हणजे काही लाल दिव्याची गाडी मिळणं नव्हे, पण मालनला तसंच वाटायचं. नाहूरमध्ये घरोघरी पोळ्या लाटणारी ही बाई समितीच्या बैठकीला मात्र इस्त्रीची साडी नेसून पहिल्या खुर्चीत बसायची. पालिकेच्या मराठी शाळेचं काहीही असलं की वस्तीतल्या बायका तिलाच विचारायच्या, आणि तीही कधी 'ठाऊक नाही' म्हणायची नाही. तिथंच घोडं पेंड खात होतं.

शाळांचा कारभार नव्याने लावायचं निघालं आणि लोकांचं मत घ्यायला पालिकेचे साहेब आले, तेव्हा सगळ्या जणी मालनच्या मागे येऊन बसल्या. कारभार एका संस्थेकडे जाईल, इमारत नवी होईल आणि मराठी वर्गांचं समायोजन होईल, असं साहेब म्हणाले. मागे बसलेल्या शेजारच्या चेतनाने समायोजन म्हणजे काय, असं हळूच विचारलं. मालनलाही कळलं नव्हतं. साहेबांना विचारावं असं अगदी ओठांवर आलं तिच्या. पण अध्यक्षबाईंना एवढंही मराठी येत नाही, असं झालं असतं ना!

"ॲडजस्ट करायचं गं, थोडं सरकून बसायचं," तिने ठोकून दिलं आणि होकाराचा हात वर केला. पाठोपाठ सगळ्यांचे हात वर गेले.

जूनमध्ये मराठी वर्ग सरकले ते थेट कांजूरमार्गच्या शाळेत. मालनच्या नितेशला सोडायला त्याचे आजोबा होते. चेतना आणि तिचा नवरा मात्र सकाळीच अंधेरीला कामावर जात. त्यांच्या चौथीतल्या मानसीला एवढ्या लांब रोज नेणार कोण? शेवटी तिला कणकवलीला आजीकडे ठेवायचं ठरलं.

मालनला अन्न गोड लागेना. सगळी वस्ती साहेबांना शिव्या घालत होती, तिला कुणी चकार शब्द बोललं नाही. सुरुवातीला तीही त्या शिव्यांत सामील झाली, आणि त्याचीच तिला आता जास्त शरम वाटत होती.

मानसी निघायच्या दिवशी मालनला राहवलं नाही. ती चेतनाकडे गेली. चेतना पोरीचे कपडे पिशवीत भरत होती.

"त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता," मालन म्हणाली. "विचारायची लाज वाटली गं. फेकलं मी."

चेतनाने मान वर केली नाही. "तुका म्हायत नाय, ह्यां तेव्हाच कळला माका," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर तुझा हसा नको, म्हणान मी गप हात वर केलंय."

 मालन खाली बसली आणि मानसीच्या फ्रॉकच्या घड्या घालू लागली.