डाव्या वळणाचं दुखणं
परवा टूलकिटमध्ये आकड्यासारखा वाकडा पाना दिसला आणि राहुरीतल्या त्या मेकॅनिकवरचा राग पुन्हा डोक्यात गेला. तेव्हा मी रोज सकाळी मोटरसायकलला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून डेअरीवर जायचे. त्यानं सर्व्हिसिंग केल्यापासून कालव्याजवळच्या डाव्या वळणावर गाडीचं मागचं अंग लचकायचं. उजव्या वळणावर मात्र ती शहाण्यासारखी वळायची. मी त्याच्या गॅरेजवर जाऊन त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं भरलेले कॅन उतरवले, रिकाम्या गाडीवर चौकापर्यंत फेरी मारली आणि टपरीवर चहा पिणाऱ्या आमच्या गावकऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडीत काय बी न्हाई, ताई. बाईमाणसाला ही गाडी जडच जाती." मी म्हणाले, "मग कॅन लावून फिरवा की! वजन असलं तरच लचकती ती." तो नुसता हसला. ऑईलच्या वासात, तापलेल्या फरशीवर मी उकिडवी बसले आणि मागचे दोन्ही शॉकअप बघितले. स्प्रिंग घट्ट करायचं कडं उजवीकडं शेवटच्या खाचेत होतं, डावीकडं पहिल्या. एक बाजू कडक, एक मऊ, आणि हे त्यानंच करून ठेवलेलं! कडं फिरवायचा तोच वाकडा पाना मी पुढं केला. त्यानं दोन्ही कडी सारखी केली आणि वर मलाच बजावलं, "आता जपून चालवा." त्यानंतर गाडी कधी लचकली नाही. पण गावात अजून सांगतात, त्या मेकॅनिकनं नुसतं बघून गाडीचं दुखणं ओळखलं. नुसतं बघून! अहो, बघितलं होतं ते मी.